खारीने लिहिलेले पान

नदीकाठच्या एका रानात एक खार राहत असे. ती चपळ होती, हुशार होती, पण दुसऱ्याचे कौतुक झाले की तिच्या पोटात दुखे. त्या रानात साळिंदरबाईंची शाळा भरत असे. बाईंच्या अंगावरून गळालेल्या काट्यांनी मुले पळसाच्या पानांवर लिहीत आणि ती पाने वठलेल्या एका मोहाच्या खोडावर बाभळीच्या काट्याने टोचून ठेवत. ज्याला काही सांगावेसे वाटे, तो आपले छोटे पान त्याखाली टोचे. खोड पाणवठ्याच्या वाटेवर होते, त्यामुळे येणारेजाणारेही थांबून वाचत. म्हणून बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "लिहिणाऱ्याच्या तोंडावर जे बोलवणार नाही, ते पानावर लिहू नका. कोण कुठे राहतं, हे तर कधीच लिहू नका. वाचणारे सगळेच आपले नसतात. आणि पान टोचण्याआधी मला दाखवा."

मुलांनो, त्या वर्गात खारीच्या शेजारी एक लहान टिटवी बसे. एकदा टिटवीने आपल्या घराविषयी लिहिले : 'आमच्याकडे चार अंडी आहेत. दुपारी दगड तापतात, तेव्हा आई नदीत पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. ती पाण्याला गेली की मी पंख पसरून सावली धरते. एका अंड्यातून आता टकटक ऐकू येते.' घर कुठे आहे, हे तिने लिहिले नव्हते. ते पान सगळ्यांना फार आवडले. मोराने लिहिले, 'बाळ बाहेर आलं की सांग.' सशाने लिहिले, 'मीही एकदा सावली धरायला येऊ का?' बघता बघता खाली अकरा पाने लागली. खारीने त्याच आठवड्यात जांभळांवर लिहिले होते. तिच्या लिखाणाखाली दोनच पाने होती, त्यातले एक बाईंचे.

खारीला ते सहन झाले नाही. टिटवीचे घर तिने पाहिले होते. टिटवीनेच तिला हौसेने नेऊन अंडी दाखवली होती. एके दुपारी बाई बिळात झोपल्या होत्या. 'दाखवलं तर बाई लावू देणार नाहीत,' असे मनाशी म्हणत खारीने कोणालाही न विचारता एक पान टोचले. नाव घातले नाही. तिने लिहिले होते : 'यात कसलं कौतुक? मी पाहिलंय हे घर. नदीकडच्या उताराला, तीन मोठ्या धोंड्यांच्या मागे चार खडे मांडलेत, झालं घर. खाली गवताची काडीसुद्धा नाही. भिकाऱ्याचं घर यापेक्षा बरं असेल.' लिहून झाल्यावर तिला हलके वाटले.

दिवस कलताना एक कोल्हा पाण्यावर आला. खोडापाशी थांबून त्याने ते पान वाचले, मग पुन्हा एकदा सावकाश वाचले. वर फांदीवर खार बसली होती. "हे कोणी लिहिलं?" त्याने विचारले.

"मी," खार म्हणाली.

"छान लिहितेस. सगळं कसं डोळ्यांसमोर उभं राहतं," कोल्हा म्हणाला आणि पाणी न पिताच निघून गेला. खारीला इतका आनंद झाला की तो पाणवठा सोडून नदीकडच्या उताराकडे का वळला, हा विचारही तिच्या मनात आला नाही.

पहाटे टिटव्यांच्या ओरडण्याने रान जागे झाले. खार धावत उतारावर गेली, तोवर सारे संपले होते. धोंड्यांमागे ओल्या कवचांचे तुकडे पडले होते. टिटवीची आई जमिनीवर एक पंख ओढत अजून घिरट्या घालत होती. शत्रू आला की टिटवी अशीच पंख मोडल्याचे सोंग करते. शत्रू तिच्या मागे लागतो आणि अंडी वाचतात. पण त्या पहाटे कोल्ह्याने तिच्याकडे वळूनही पाहिले नव्हते. त्याला शोधायचे काही उरलेच नव्हते.

"आई किती लांबपर्यंत पंख ओढत गेली," टिटवी म्हणाली. "तो सरळ इथेच आला. त्याला कसं कळलं?"

खार खाली मान घालून म्हणाली, "मी लिहिलं होतं. खोडावर. मला वाटलं, सगळे हसतील, एवढंच."

टिटवीने त्या तुकड्यांकडे पाहिले. "तू माझ्याशेजारी बसतेस," ती म्हणाली, "म्हणून तुला घर दाखवलं होतं."

खारीने धावत जाऊन ते पान उपटले आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले. मग ती बाईंपुढे उभी राहिली आणि जे केले ते सारे सांगितले. बाईंनी तिला मारले नाही, ओरडल्याही नाहीत. "फाडलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या, "पण ज्याने वाचलं, त्याने वाचलं. आणि आता टिटवीलाही ते कळलंय, गं."

टिटवी त्यानंतर शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी तिचे कुटुंब नदीपलीकडच्या माळावर राहायला गेले. जाताना ती शाळेवरूनच उडत गेली, पण खाली उतरली नाही. खारीने मान वर करून तिला हाक मारली. टिटवीला ती ऐकू गेली की नाही, हे कोणालाच सांगता आले नाही.

तात्पर्य : चारचौघांत लिहिलेला शब्द कोणाच्या हाती पडेल, हे लिहिणाऱ्याला कळत नाही, म्हणून दुसऱ्याविषयी लिहिताना त्याचा मान आणि त्याचे गुपित, दोन्ही जपावे. लिहिलेले पुसता येते, पण त्याने झालेले नुकसान पुसता येत नाही.