सीटवरचं प्लास्टिक

गाड्या आपापसांत बोलायच्या आणि माणसं तिकडे काणाडोळा करायची, त्या काळची ही गोष्ट. दत्ताराम खानविलकरांच्या अंगणात, उताराच्या तोंडाशी, दोन गाड्या उभ्या असत. खानविलकर गाड्यांचे मोठे शौकीन. "गाडी जपावी तेवढी टिकते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

लेकीच्या पाठवणीसाठी त्यांनी नवी ऑटोमॅटिक गाडी घेऊन ठेवली होती. तिच्या सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. ती जुन्या जीपला म्हणायची, "तुझ्या सीटवर लोणच्याचे डाग. जरा लाज बाळग."

"माणसं बसली म्हणून पडले," जीप म्हणायची आणि उतारावरून घरंगळत बाजाराला निघायची.

पाठवणीच्या वेळी झेंडूने मढवलेल्या नव्या गाडीची किल्ली फिरवली, तर नुसतं टक् झालं. उभी राहून राहून बॅटरी बसली होती, आणि असली गाडी ढकलूनही सुरू होत नाही. खानविलकरांना घाम फुटला.

त्यांची लेक चित्रा शालू सावरत जीपकडे गेली. "बाबा, मी हिच्यातूनच जाते."

"अगं, तिला धक्का मारावा लागतो."

"एवढं वऱ्हाड आहे की."

माळा जीपवर चढल्या. भटजींसकट सगळ्यांनी धक्का दिला. उतारावर जीप अशी गरजली की बँडवाले वाजवायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी खानविलकरांनी नवी बॅटरी बसवली, प्लास्टिक टराटरा फाडलं आणि गाडी मासळीबाजारात नेली.

संध्याकाळी ती ऐटीत, चित्राला सासरी सोडून परतलेल्या जीपशेजारी येऊन उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली, "मला डाग पडला."