सगुणेने लावलेले सात वार

“आजपासून पाठशाळेची चूल बंद!” राजा खड्गसेनाने भर दरबारात फर्मान सोडलं.

कारण काय, तर खजिन्यात खडखडाट! तो कशानं झाला म्हणाल, तर महाराजांच्या वाढदिवसाला हत्तिणीला मोत्यांची झूल शिवली होती. पण हे बोलायचं कुणी? त्यापेक्षा पोरांची आमटी तोडणं सोपं!

“विद्यार्थ्यांनी काटकसर शिकावी,” महाराज म्हणाले. “आम्ही गुरूच्या घरी होतो, तेव्हा मूठभर फुटाण्यांवर दिवस काढायचो!”

काढतही असतील. ते फुटाणे सोलायला चार हुजरे सोबत असायचे, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं.

सगळा दरबार माना डोलवत होता. पाठशाळेच्या पोरांमध्ये सगुणा उभी होती, तिला रडूच कोसळायचं बाकी होतं. बुरुडाची लेक ती. बापानं टोपल्या विकून तिला शिकायला राजधानीत धाडलं होतं आणि तिला वैद्य व्हायचं होतं. चूल बंद झाली की पुन्हा गाव आणि पुन्हा बांबूच्या कामट्या. तिला राहवेना.

“महाराज, फुटाण्यांनाही पैसा पडतो! तेवढाही नसला तर?”

महाराज लालबुंद झाले.

“जीभ फार चालते गं तुझी! मग तूच करून दाखव. महिनाभर राजधानीत राहायचं. छदाम खर्च करायचा नाही, भीक मागायची नाही, उसनं घ्यायचं नाही, चोरी करायची नाही. आणि महिन्यानं वाळलेली दिसलीस तर हरलीस! जिंकलीस तर चूल पेटेल. हरलीस तर सगळ्या पाठशाळेनं गाशा गुंडाळायचा!”

लगेच धान्याचा मोठा तराजू आला. एका पारड्यात सगुणा, दुसऱ्यात जोंधळ्याची पोती. काटा जुळला, पोती मोहोर लावून बाजूला ठेवली.

आता हिच्यावर नजर ठेवायला कुणी नको? म्हणून महाराजांनी एक मंडळ नेमलं. काटकसर मंडळ! प्रधानजी, खजिनदार, सेनापती असे सात वजनदार मानकरी. ठरलं असं, की रोज एकाच्या घरी बैठक घ्यायची, सगुणेला समोर बोलावून तपासायचं आणि गरीब विद्यार्थ्यानं पैसा कसा वाचवावा यावर खल करायचा. बैठकीचा खर्च अर्थात खजिन्यातून!

बैठका सुरू व्हायच्या होत्या, म्हणून पहिला दिवस सगुणेनं पाण्यावर काढला. पोटात कावळे कोकलत होते. ‘आपल्या एका शब्दापायी सगळ्या पोरांचं वाटोळं होणार,’ या विचारानं ती हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. प्रधानजींकडे बैठक. विचार करायचा म्हणजे डोकं चालायला हवं, आणि डोकं चालायला पोटात काही हवं! म्हणून आधी पानं मांडली. जिलबी, मसालेभात, वर तुपाची धार. समोर सगुणा उभी.

“हं, तर उपाशी विद्यार्थ्यानं...” प्रधानजींनी घास उचलला, तोच आतून प्रधानीणबाई कडाडल्या.

“अहो, काही जनाची नाही तर मनाची! शिकणारी पोर दारात उपाशी आणि तुम्ही जिलब्या हाणताय? या घरात असलं चालायचं नाही! बस गं बाळा पाटावर!”

रीतच होती तशी. गरीब विद्यार्थ्याला गावातली घरं वाटून घेत, एका घरी सोमवार, दुसऱ्या घरी मंगळवार. याला म्हणत वार लावणं. वाराचा विद्यार्थी उपाशी उठला तर घरातल्या बाईची मान खाली जाई. हात पानात अन् सगुणेच्या डोक्यात लख्ख उजेड! सात मानकरी, सात बैठका. अगं बाई, आपले वार लागले की!

जेवण झालं. तिनं हात जोडले. “प्रधानजी, उद्याची तपासणी कुणाकडे?”

“खजिनदारांकडे. वेळेवर ये हो!”

ती कशाला उशीर करतेय! मंगळवारी पुरणपोळी झाली, बुधवारी बासुंदी. शुक्रवारी दिव्याचं तेल कसं वाचवावं यावर एवढी चर्चा झाली, की पंचवीस समया तेवत राहिल्या. त्या उजेडात सगुणेनं कोपऱ्यात बसून औषधी वनस्पतींच्या निघंटूचा आख्खा अध्याय पाठ केला. रविवारी मंडळानं स्वतःच्या साधेपणाबद्दल स्वतःलाच शाली पांघरल्या. एक उरली, ती सगुणेला.

महिना भरला. दरबारात तराजू आला. एका पारड्यात तीच मोहोरबंद पोती चढली, दुसऱ्यात सगुणा बसली आणि तिचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं! हातच्या काकणाला आरसा कशाला?

महाराज ताडकन उठले. “लबाडी! कुणाकडे भीक मागितलीस?”

“मी नाही मागितली, महाराज. मला रोज बोलावणं यायचं. विचारा प्रधानजींना.”

“हो... म्हणजे... तपासणीसाठी,” प्रधानजी पुटपुटले. महिन्याभरात त्यांचाही कमरपट्टा अपुरा पडू लागला होता.

“तपासणीत जेवण कुठून आलं?”

“मंडळाच्या खर्चातून, महाराज. म्हणजे तुमच्याच खजिन्यातून,” सगुणा म्हणाली. “मी उपाशी कसं राहावं याचा विचार करायला या सात जणांना जेवढं तूप लागलं, तेवढ्यात पाठशाळेची वर्षाची आमटी झाली असती!”

मग महाराजांचं पोट हललं, मिशा हलल्या आणि ते असे खदाखदा हसले, की मुकुट सावरायला हुजरा धावला.

“जिंकलीस पोरी! चूल आजच पेटव. तुझं वैद्यकीचं शिक्षण पुरं होईपर्यंत खर्च आमचा. आणि हे मंडळ? आत्ताच मोडतो!”

“नको, महाराज!” सगुणा घाईनं म्हणाली. “मंडळ राहू द्या. एवढे शहाणे लोक पुन्हा कुठे मिळणार? फक्त बैठक रोज पाठशाळेत भरू द्या. आमच्या पंगतीला, आमच्याच आमटीवर.”

महाराज पुन्हा हसत सुटले आणि हसता हसता त्यांनी हुकूम दिला.

दुसऱ्या दिवशी पाठशाळेत सात पाट मांडले, पातळ आमटी वाढली. प्रधानजींनी एक भुरका मारला, खजिनदारांकडे पाहिलं. गरिबांनी पैसा कसा वाचवावा हा प्रश्न मंडळानं तिथल्या तिथे एकमतानं सोडवला आणि सातही जण घरी जेवायला गेले.