म्हाळू मेट्रोचं दार राखतो

खोकरवाडीत म्हाळू नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगानं धिप्पाड, मनानं निर्मळ, आणि सांगितलेलं काम तंतोतंत करणारा. तंतोतंत म्हणजे किती, तर आत्यानं एकदा "दुधावर नजर ठेव" म्हटलं, तेव्हा दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत त्यानं नजर हलवली नाही. आत्या कंटाळली. तिनं त्याला शहरात धाडलं आणि जाताना बजावलं, "साहेब सांगतील तसंच करायचं. आपलं डोकं मधे घालायचं नाही."

"नाही घालणार," म्हाळू म्हणाला.

शहरात जमिनीखालून मेट्रो धावत होती. तांबटकट्टा स्टेशनचं एक दार मात्र पहिल्यापासून चुकलं होतं. जिना अरुंद, एकदम उभा, आणि लिफ्ट नाहीच. म्हातारी माणसं अर्ध्या जिन्यात बसून दम खायची आणि बांधणाऱ्याचा उद्धार करायची. म्हणून ते दार फोडून रुंद करायचं, लिफ्ट बसवायची, असं ठरलं. ठरल्यालाही बरीच वर्षं झाली होती. कामावर करंदीकर नावाचे इंजिनीअर साहेब होते. त्यांना प्रश्न न विचारणारी माणसं फार आवडत. म्हाळूला त्यांनी बघताक्षणी ठेवून घेतलं.

"काम चालू आहे. या दारातून कुणालाही आत सोडायचं नाही," साहेब म्हणाले. "कितीही मोठा माणूस असो."

"बरं साहेब."

सकाळी गवंडी आले. म्हाळूनं परत पाठवले. सिमेंटची गाडी आली. तीही परत पाठवली. मग साहेब आले.

"म्हाळू, अरे मी आहे."

"दिसतंय साहेब. पण कितीही मोठा असो, असं सांगितलंय."

"कुणी सांगितलंय?"

"तुम्हीच."

साहेब दुपारपर्यंत समोरच्या टपरीवर चहा पीत बसले. शेवटी तिथूनच ओरडून त्यांनी नवा हुकूम दिला. "अरे शहाण्या, ज्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि अंगात पिवळं जाकीट असेल, तो आपला माणूस. त्याला सोडायचं."

"असं होय. तसंच करतो."

त्या दिवशी काम झालं. दारापासून थेट मागच्या गल्लीपर्यंत आतल्या जमिनीवर काँक्रीट ओतलं गेलं आणि माणसं जेवायला गेली. तेवढ्यात घरोघर जेवण पोचवणारा एक जण मोटारसायकलवरून आला. डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळं जाकीट. चौकातला सिग्नल चुकवून मागच्या गल्लीत जायला वाट आहे का, असं त्यानं विचारलं.

"या, आपलीच माणसं तुम्ही," म्हाळू म्हणाला आणि त्यानं दार सताड उघडलं.

तो गेला. त्यानं बाकीच्यांना फोन केला. मग तेही गेले. संध्याकाळपर्यंत काँक्रीट वाळलं आणि त्यावर चाकांची नक्षी कायमची उठली. एका जागी कुणाची तरी आमटीही सांडली होती.

साहेबांनी डोक्याला हात लावला. सगळं उखडून पुन्हा करावं लागलं. "नीट ऐक," ते म्हणाले. "जमीन सपाट पाहिजे. आरशासारखी. कुठं उंचवटा दिसला की लगेच घासून काढायचा. माणसाच्या पायाला काही लागता कामा नये."

"बरं साहेब."

पुढं फरशी बसली, जिना रुंद झाला. मेट्रोच्या गाडीपासून जिन्यापर्यंत पिवळी पट्टी आली. तिच्यावर उंच उंच रेघा होत्या. ज्यांना दिसत नाही, त्यांनी पायानं वाट ओळखावी म्हणून त्या मुद्दाम केलेल्या असतात. म्हाळूनं पट्टीवरून चालून पाहिलं. पायाला लागत होती. त्यानं फरशी घासायचं यंत्र आणलं आणि सबंध पट्टी गुळगुळीत करून टाकली. वर फडकंही मारलं.

दार लोकांसाठी उघडलं. लिफ्ट तेवढी राहिली होती. पहिल्याच दिवशी डोईफोडे मास्तर आले. मास्तरांना दिसत नसे. काळा चष्मा लावून, काठी टेकत ते रोज तबल्याच्या शिकवण्यांना जात. गाडीतून उतरल्यावर त्यांनी पायानं पट्टी शोधली. सापडली नाही. ते अंदाजानं चालत राहिले आणि रंगाऱ्याच्या शिडीवर आदळले. वरून निळ्या रंगाचा डबा त्यांच्या डोक्यावर आला.

म्हाळू धावत गेला.

"इथं खाली पट्टी असते," मास्तर रंग निथळत शांतपणे म्हणाले. "ती कुठं गेली?"

"घासली," म्हाळू म्हणाला. "पायाला लागत होती."

दुसऱ्या दिवशी निळ्या मास्तरांचा फोटो पेपरात आला. साहेबांना वरून बोलणी बसली. नवी पट्टी यायला महिने लागणार होते. साहेबांनी म्हाळूला समोर उभं केलं.

"काळा चष्मा घातलेला माणूस गाडीतून उतरला की पुढं व्हायचं. त्याचा हात धरायचा. वर न्यायचं, रस्ता ओलांडायचा, बसमध्ये बसवायचं. बस हलेपर्यंत हात सोडायचा नाही. ते नको नको म्हणतील. संकोची असतात. आपण ऐकायचं नाही."

"बरं साहेब."

आणि हे काम म्हाळूनं खरोखर छान केलं. मास्तर पहिल्या दिवशी नको म्हणाले, चौथ्या दिवशी गप्पा मारू लागले.

मग लिफ्टच्या उद्घाटनाचा दिवस आला. लिफ्ट आली होती. दार उघडत होतं, आत दिवा लागत होता, गाणंही वाजत होतं. फक्त वर जायचं यंत्र अजून यायचं होतं. पण मंत्र्यांची तारीख मिळाली होती. ती काय पुन्हा मिळते?

"मंत्री आत उभे राहतील, फोटो होईल, बाहेर येतील," साहेब म्हाळूला म्हणाले. "लिफ्ट वर जात नाही, हे कुणालाही सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

मंत्री मेट्रोनंच आले. गाडीचं दार उघडलं. मंत्र्यांना जमिनीखालीही काळा चष्मा लागत असे. म्हाळू पुढं झाला. त्यानं हात धरला.

बंदोबस्तातल्या लोकांना वाटलं, स्टेशनचा स्वागताचा माणूस असेल. साहेबांना वाटलं, मंत्र्यांनीच बोलावलं. मंत्र्यांना वाटलं, कार्यक्रमात ठेवलंय. समोर कॅमेरे होते, म्हणून ते हसत राहिले. फीत बाजूला राहिली.

"लिफ्टनं नाही का जायचं?" मंत्र्यांनी हळूच विचारलं.

"ती वर जात नाही, हे सांगायला मला मनाई आहे," म्हाळू म्हणाला.

जिना चढताना मंत्री अर्ध्यात बसले. "अहो, नको," ते म्हणाले. म्हाळूनं त्यांना प्रेमानं उठवलं. मागून सगळी मंडळी टाळ्या वाजवत चढली. मंत्री पायी निघालेत म्हटल्यावर अडवणार कोण? रस्ता ओलांडला. बस उभीच होती. म्हाळूनं मंत्र्यांना आत चढवलं, दारात आडवा उभा राहिला आणि मागच्यांना म्हणाला, "गर्दी करू नका. दुसरी येतेय."

बस हलली. म्हाळूनं खाली उडी मारली.

साहेब धापा टाकत पोचले. "मंत्री कुठायत?"

"डेपोच्या बसमध्ये बसवले. खिडकीपाशी," म्हाळू म्हणाला. "तुम्ही म्हणालात तसेच निघाले, साहेब. फार संकोची. बस सुटली तरी नको नको म्हणत होते."