दुप्पट वेगाचं जपानी

“...मग माझं चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा की!”

सुमतीबाई कारखानीस शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाईंचं सगळं आयुष्य जपानी माणूस आणि मराठी माणूस यांच्या मधल्या खुर्चीत गेलं. दुभाषी म्हणून. कारखान्यांत, कोर्टात, एकदा तर चक्क लग्नाच्या बोलणीत. आता वय झालं, कानात ऐकायचं यंत्र आलं, आणि बाई वाईला येऊन राहिल्या. जपानी शिकणारी पोरं अधूनमधून त्यांना शोधत येत. बहुतेक एकदाच येत.

समोर बसलेली नूपुर जगदाळे साताऱ्याहून एसटीनं आली होती आणि रागानं नुसती फणफणत होती.

“नापास केलं कुणी?” बाईंनी विचारलं.

“मोरितासरांनी. जपानातल्या विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स आहे, सगळ्यात वरच्या पातळीचा. लेखी परीक्षेत मी पहिली आले, बाई. पहिली! आणि तोंडीत...”

“तोंडीत काय?”

“एकच ओळ लिहून पाठवली त्यांनी. ‘संभाषण झाले नाही.’ आता बोला! अख्खा वेळ मी बोलत होते. श्वास घ्यायलासुद्धा थांबले नाही. आणि म्हणे संभाषण झालं नाही!”

बाईंनी एक शेंग मोडली.

“आणि ते किती बोलले?”

“कोण?”

“तुझे मोरितासर.”

नूपुर जरा अडखळली.

“ते... सुरुवातीला विचारत होते काहीबाही. मग गप्पच झाले.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली.

तोंडी परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती. तीत घसरली की कोर्समधून नाव कमी, दोन वर्षं पाण्यात. आणि नूपुर तर शिरवळच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून यात पडलेली. तिला बाईंसारखं मधल्या खुर्चीत बसायचं होतं. ‘एवढं जपानी शिकून काय तिकडं नांदायला जायचंय का?’ असं घरचे म्हणत. तिनं कुणाचं ऐकलं नव्हतं. पोरगी जिद्दीची, त्यात शंकाच नाही. देवानं जिद्द आणि घाई एकाच पोत्यात भरून पाठवली होती, एवढंच.

“तू शिकतेस कसं, ते दाखव,” बाई म्हणाल्या.

नूपुरनं फोन काढला आणि मोरितासरांचं एक लेक्चर लावलं.

बाईंनी कानातलं यंत्र चाचपलं. बिघडलं की काय, असं वाटलं त्यांना.

“हा बाबा असा का बोलतोय गं? गाडी सुटतेय का याची?”

“दुप्पट वेगावर ठेवलंय, बाई. सगळेच ठेवतात.” नूपुरला आता जरा हुरूप आला. “आणि मधली शांतता आपोआप कापून टाकायची सोय असते. लोक एक लेक्चर ऐकतात तेवढ्यात माझी दोन-तीन होतात.”

“आणि समजतं?”

“शब्द न् शब्द.”

ती खोटं बोलत नव्हती. फोन बंद करून तिनं सगळं लेक्चर जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तिच्या जपानीत कुठं खडा म्हणून लागत नव्हता.

“बरं. मग आपण जपानीत बोलू,” बाई म्हणाल्या. आणि त्यांनी सावकाश सुरुवात केली, “तुमच्या गावाला...”

मग त्या थांबल्या. शब्द शोधत असाव्यात.

“आमच्या साताऱ्याला अजिंक्यतारा किल्ला आहे!” नूपुर सुटली. किल्ला झाला, कास पठार झालं, पठारावरची फुलं झाली, फुलांची जपानी नावं झाली.

बाईंनी कानातलं यंत्र काढलं, शेंगांच्या सालींशेजारी ठेवलं आणि पुन्हा सोलायला लागल्या.

हे नूपुरच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

“बाई... ऐकताय ना?”

“उद्या ये,” बाई म्हणाल्या.

ती दुसऱ्या दिवशी आली. बाईंनी अर्धं वाक्य बोलून श्वास घेतला, नूपुरनं उरलेलं पूर्ण केलं, वर उत्तरही दिलं. यंत्र कानातून निघालं आणि टेबलावर गेलं.

तिसऱ्या दिवशीही तेच.

दुसरं कुणी असतं तर म्हाताऱ्या बाईच्या नावानं बोटं मोडत घरी बसलं असतं. नूपुर येतच राहिली. एसटीचा कंडक्टर तिला न विचारता वाईचं तिकीट फाडायला लागला. रोज ती ओठ घट्ट मिटून आत यायची, आणि रोज तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तिचं तोंड सुटायचं. घरी जाताना ती स्वतःला शिव्या घालायची आणि सकाळी पुन्हा स्टँडवर उभी असायची.

एक दिवस मात्र तिचा बांध फुटला.

“अहो बाई, तुम्ही अर्ध्यावर थांबता! तुमचं पुढचं वाक्य मला आधीच कळलेलं असतं. मग मी कशाला थांबू?”

बाई त्या दिवशी तांदूळ निवडत होत्या.

“मला कुठं कळलेलं असतं?” त्या म्हणाल्या.

नूपुर त्यांच्याकडं बघत राहिली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

...

“थांबलं की भीती वाटते, बाई,” ती हळूच म्हणाली.

“कसली?”

“मी मराठी शाळेतली. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी विचार करायला जरा थांबले. तर ते शेजारच्या साहेबांना म्हणाले, ‘हिला येत नाही. पुढचा बोलवा.’ मला येत होतं हो, बाई! अगदी ओठांवर होतं...” तिचे डोळे भरून आले. “त्याच दिवशी ठरवलं. पुन्हा कुणासमोर गप्प सापडायचं नाही म्हणजे नाही.”

बाईंचे हात सुपात थांबले.

“आणि खरंच येत नसलं तर?”



“ते लेक्चर लाव,” बाई म्हणाल्या. “तो माणूस जसा बोलला तसं.”

नूपुरनं वेग कमी केला. कापलेली शांतता परत जागेवर आणली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं मोरितासरांचा खरा आवाज ऐकला. थकलेला, जरासा घोगरा आवाज होता.

सर एका कथेतला उतारा वाचत होते. एक माणूस स्टेशनावर भावाची वाट बघतो. गाडी येते, माणसं उतरतात, भाऊ काही येत नाही. माणूस घरी परततो. आई दारातच उभी असते. तो तिला सांगतो, ‘गाडीला उशीर आहे.’

“तो असं का म्हणाला असेल?” सरांनी विचारलं.

आणि ते थांबले.

...

पडद्यावर काहीच होत नव्हतं. सर नुसते समोर बघत बसले होते. नूपुरचं बोट आपोआप फोनकडं गेलं. बाईंनी तिचं मनगट धरलं.

सर अजून थांबलेलेच. एकदा त्यांनी भुवया जराशा उंचावल्या. मागच्या बाकावरून कुणी बोलू बघतंय असं वाटून मास्तर उंचावतात, तशा.

...

“हं, असंही असेल,” सर म्हणाले आणि पुढं वाचू लागले.

नूपुर बावचळली.

“हे... हे कुणाशी बोलले? रेकॉर्डिंगला तर खोलीत कुणीच नसतं.”

बाईंनी तिचं मनगट सोडलं. 

नूपुरनं दुसरं लेक्चर लावलं. तिथंही तेच. मग तिसरं. प्रत्येक प्रश्नापुढं सर थांबत होते. समोर कुणी नसताना, उत्तर द्यायला जागा ठेवून, चांगले वाट बघत थांबत होते. आणि तिनं ते सगळं कापून टाकलं होतं.

“बाई, ते थांबत होते. दोन वर्षं... आमच्यासाठी थांबत होते.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तोंड झाकून रडायला लागली.

“रडतेस काय?” बाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. “परीक्षा व्हायचीय अजून.”

नूपुरनं डोळे पुसले. घरी गेली आणि सगळा कोर्स पहिल्यापासून ऐकायला बसली, सरांच्या वेगानं. सर थांबले की ती थांबायची. सुरुवातीला तिला घाम फुटायचा, पाय आपोआप हलायला लागायचे. ती पाय जमिनीला दाबून धरायची आणि बसून राहायची. भाऊ चिडवायचा, “ताई, फोन बंद पडलाय का तुझा?” ती त्याला उत्तर द्यायची नाही.

परीक्षेच्या दिवशी मोरितासर पडद्यावर आले. त्यांनी मागच्या वेळचाच प्रश्न विचारला.

“तो माणूस आईला म्हणतो, गाडीला उशीर आहे. असं का म्हणाला असेल?”

मागच्या वेळी नूपुरनं याची पाच कारणं दिली होती, पुराव्यांसकट. आताही पाचही जिभेच्या टोकावर होती.

सर थांबले. नूपुरही थांबली.

...

तिची छाती धडधडायला लागली. ‘हिला येत नाही, पुढचा बोलवा.’ कानात अगदी स्पष्ट ऐकू आलं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि तिथून हलली नाही. दारात उभी असलेली ती आई तिला दिसायला लागली. पाचातलं एकही कारण त्या आईसमोर उभं राहीना.

...

“सर,” ती शेवटी म्हणाली, “मला माहीत नाही.”

मोरितासरांनी चष्मा काढला.

“मलाही नाही,” ते म्हणाले. “कितीतरी वर्षं झाली, मी विचार करतोय. माझी आईसुद्धा अशीच दारात...”

आणि ते पुन्हा थांबले. नूपुरनं त्यांचं वाक्य पूर्ण केलं नाही. त्यांनीच ते केलं, सावकाश. मग तिनं आपल्या आजोळचं एक दार सांगितलं. मग सर काही म्हणाले, मग ती. वेळ संपल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी ती साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन वाईला आली. दारातूनच म्हणाली, “पास झाले, बाई!”

“बस,” बाई म्हणाल्या. त्यांनी चहा टाकला आणि दोन कप आणून समोर ठेवले.

नूपुरला सगळं सांगायचं होतं. सरांचं, त्या आईचं, छातीतल्या धडधडीचं, आणि मधल्या खुर्चीत आता आपल्याला बसता येईल याचं. तिनं तोंड उघडलं. शब्द आले नाहीत. आनंदच इतका झाला होता.

ती तशीच बसून राहिली.

...

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. चहावर साय धरली. नूपुर काही बोलली नाही, आणि तिला भीतीही वाटली नाही.

बाई पुढं झुकून तिच्याकडं बघत होत्या. मधूनच मान हलवत होत्या.

...

“हं, ऐकतेय मी,” बाई म्हणाल्या. “पुढं सांग.”