छाट

"म्हणजे छापायला तिचंच पत्रक द्यायचं, मास्तर?"

सत्यमने विचारलं. मांडीवरच्या सुपातून मल्लेशम मास्तरांनी एक पान उचललं, तंबाखू भरली, बोटांनी वळलं, दोरा बांधला. डोळे जाऊन चार वर्षं झाली होती, पण बोटांना त्याची खबर नव्हती.

तीस वर्षं सोलापुरातल्या बिडी कामगारांची पत्रकं मास्तरांनी लिहिली होती. यापुढे ती कोण लिहिणार, हे युनियनच्या या एका खोलीत अजून कोणी मोठ्याने विचारलं नव्हतं. सत्यम मात्र रोज मनात विचारत होता.

सत्यम बी. ए. झालेला. त्याची आई बिड्या वळायची. तीन वर्षं तो मास्तरांना पेपर वाचून दाखवत होता, पत्रकांचे गठ्ठे सायकलवरून गल्लोगल्ली नेत होता.

आणि चार महिन्यांपूर्वी ही कलावती आली. सातवी शिकलेली, दिवसाला हजार बिड्या वळणारी.

भांडण छाटीचं होतं. बायका वळलेल्या बिड्या घेऊन कारखान्यात गेल्या की चेकर त्यातल्या मूठ-दोन मुठी वाईट म्हणून बाजूला काढायचा. तीच छाट. छाटीची मजुरी मिळायची नाही आणि बिड्याही परत मिळायच्या नाहीत. संध्याकाळी त्याच बिड्या चांगल्या बिड्यांबरोबर बंडलात बांधल्या जायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी कारखान्याच्या फाटकावर सभा होती. तिथं वाटायला सत्यमने पत्रक लिहिलं होतं. कलावतीनेही लिहिलं होतं. मास्तर म्हणाले होते, दोन्ही आधी बोळात वाचून दाखव, बायका वळत बसलेल्या असतील तेव्हा.

"वाचलंस?" मास्तरांनी आता विचारलं.

"वाचलं."

"काय झालं?"

"माझं वाचताना सगळ्या जणींचे हात थांबले." हे सांगायची सत्यमला घाईच होती. "आठ जणी होत्या. एकीचाही हात हलत नव्हता."

"आणि तिचं वाचताना?"

"कोणी थांबलं नाही. वळतच राहिल्या. राजव्वाने तर मानसुद्धा वर केली नाही."

"तिचं वाचलंस कसं?"

"भरभर," सत्यम म्हणाला.

मास्तर जरासे हसले. त्यांनी मांडीवरचं सूप उचलून त्याच्यापुढे धरलं.

"घे. वळता येतं ना?"

"लहानपणी वळायचो. आईच्या हाताखाली."

"मग वळ. मी म्हणतो, तू ऐक."

मास्तर सत्यमचं पत्रक म्हणू लागले. एकदाच ऐकलेलं, पण शब्दन् शब्द पाठ होता. सत्यमला आतून बरं वाटलं. "उत्पादनसाधनांच्या मालकीवर उभ्या असलेल्या या व्यवस्थेने श्रमिक स्त्रीच्या श्रमातून निर्माण होणारं वरकड मूल्य पिढ्यान्‌पिढ्या ज्या रीतीने..."

सत्यमचा अंगठा पानावर थांबला.

"थांबलास?"

"वाक्य जरा लांब आहे. सुरुवात काय होती ते आठवत होतो."

"तुझंच आहे."

"हो."

"त्यात खोटं काही नाही," मास्तर म्हणाले. "बोळात किती वेळ हात थांबले होते?"

"पंधरा मिनिटं. जास्तच."

"मग त्या दिवशी आठ घरी चूल उशिरा पेटली असेल."

सत्यमने अर्धवट राहिलेलं पान पुन्हा वळायला घेतलं.

"आता तिचं ऐक. हात चालू ठेव."

मास्तर म्हणाले, "बिडी वाईट असेल तर आमच्यासमोर मोडा. मोडत नसाल, तर ती चांगली आहे. चांगली आहे, तर तिची मजुरी द्या."

सत्यमने खाली पाहिलं. हातात बिडी तयार होती. दोरासुद्धा बांधून झाला होता.

त्याने ती सुपात टाकली आणि सूप दूर सारलं.

"ती आली की तुमचा चेहराच बदलतो, मास्तर."

"मला कुठे दिसतो माझा चेहरा."

"मला दिसतो. पायरीवर तिचं पाऊल पडलं की तुम्ही म्हणता, कलावती आली. तीन वर्षांत माझं पाऊल कधी ओळखलं नाहीत."

"ओळखतो की. तू चप्पल घासत येतोस."

सत्यमला हसू आलं नाही.

"तीन ओळींना कोणी पत्रक म्हणतं का? त्यात विचार नाही, इतिहास नाही. मी रात्रंदिवस पुस्तकं वाचली. तिनं काय वाचलं?"

"काही नाही वाचलं."

"मग? कच्चं आहे ते."

"फार कच्चं आहे?"

"टाकाऊ आहे," सत्यम म्हणाला. बोलून झाल्यावर त्याने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

मास्तरांनी चाचपत सूप परत ओढून घेतलं आणि नवं पान उचललं.

"असं म्हणतोस. मग सोमवारी वाटायचं काय?"

सत्यम याचीच वाट पाहत होता. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मी काल पुन्हा लिहून काढलंय. आता लांब नाही. ऐकता?"

"वाच."

सत्यमने वाचलं. या वेळी वाक्यं छोटी होती. चेकरचं टेबल त्यात होतं, बायकांची रांग होती, दुखरी मान होती. तो आवाज न चढवता वाचत गेला आणि मास्तरांची बोटं पानं वळत राहिली. शेवटाकडे आल्यावर सत्यमला स्वतःलाच वाटलं, हे जमलंय.

"...म्हणून आमचं मालकाला एवढंच सांगणं आहे. बिडी वाईट असेल तर आमच्यासमोर मोडा. मोडत नसाल, तर ती चांगली आहे."

मास्तरांचे हात थांबले.

सत्यमने ते पाहिलं. त्याच्या वाचनाला मास्तरांचे हात थांबलेले तो पहिल्यांदाच पाहत होता.

"शेवट पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा आवाज जरा खाली गेला.

बाहेर पायरीवर पाऊल वाजलं. कोण ते दोघांनाही कळलं. नाव कोणीच घेतलं नाही.

"तिचा कागद कुठे आहे?" मास्तरांनी हळू विचारलं.

"माझ्याच खिशात."

"टाकाऊ म्हणालास ना त्याला?"

"म्हणालो."

मास्तरांनी वळलेली बिडी सुपात ठेवली आणि त्याच्याकडे तोंड केलं.

"मग माझ्यासमोर फाडायचा होतास, बाळा."