ढगासाठी कुंपण

खूप खूप वर्षांपूर्वी, ढग अजून जमिनीवर उतरून झोपत असत आणि गाढवं विचारलं तर बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांचं निमित्त करून इथे टेकलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण ती जास्त तुमच्यासाठीच आहे.

एक डोंगर होता आणि त्या डोंगराएवढंच एक राज्य होतं. न्याहारी करून निघालेला माणूस सगळ्या राज्याला फेरी मारून दुपारच्या जेवणाला घरी पोचत असे. माथ्यावर राजाचा महाल, पायथ्याशी नदी आणि मधल्या उतारावर प्रजा. पावसाळा सरला की माथ्यावर पाणी म्हणून राहत नसे. पिण्या-आंघोळीपुरतं पाणी नदीवरून पखालीत भरून वर जाई.

महालाच्या अंगणात राणीनं एक बकुळ लावली होती. रोज पहाटे दरीतून एक पांढरा ढग वर चढून येई, अंगणात शिरे, बकुळीला टेकून घटकाभर पडून राही आणि ऊन आलं की उठून जाई. राणी त्या ढगात जाऊन उभी राहायची. ओले केस घेऊन ती आत आली की राजा अर्धवट झोपेत विचारायचा, "गेला का तुझा ढग?"

"तो गेला," राणी म्हणायची, "मी राहिले."

एका वर्षी राणीच गेली. राजा कितीतरी दिवस खोलीतून बाहेर आला नाही. मग एका पहाटे उठून तो अंगणात आला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या ढगात उभा राहिला. ढगाला बकुळीचा वास येत होता. राणीच्या केसांना यायचा तोच. राजाला वाटलं, ती ढगात राहायला गेली आहे. दुःखात माणसाला काहीही वाटतं, त्यात हसण्यासारखं काही नाही.

त्यानंतर राजा रोज पहाटे अंगणात येऊ लागला. तेवढ्या घटकेसाठीच तो जगत होता म्हणा ना. पण दिवस जाऊ लागले तसा ढगाचा वास कमी होऊ लागला. राजा घाबरला. "हा ढग रोज तिला थोडी थोडी घेऊन चाललाय," तो प्रधानाला म्हणाला. "एक दिवस सगळीच घेऊन जाईल. त्याला इथेच अडवला पाहिजे."

"ढग कशानं अडवणार, महाराज?"

"कुंपणानं," राजा म्हणाला. "तारकसाला बोलवा."

तारकस म्हणजे तार ओढणारा. तो आणि त्याची बायको उतारावर राहत. त्यांच्या ओसरीवर, तारकसाच्या बापानं केलेलं, जाळी विणायचं एक यंत्र होतं. तसं यंत्र त्या राज्यात दुसरं नव्हतं. एका पोकळ लोखंडी नळीत चपटं पातं बसवलेलं होतं. बायको दांडा फिरवी, पातं गरगरे, सरळ तार त्याला वेढे घेत आत जाई आणि दुसऱ्या टोकानं नागमोडी होऊन बाहेर येई. बाहेर येता येता ती आधीच्या नागमोडी तारेत गिरक्या घेत शिरे. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, असं करत ओसरीवर कुंपण उतरत राही. यंत्र दिवसभर कुरकुरे, म्हणून बायको त्याला 'नणंदबाई' म्हणे. पण त्याच्या वंगणाला तेल पहिलं, भाजीच्या फोडणीला नंतर, हेही तिचंच.

दोन तारांच्या मध्ये जी मोकळी जागा राहते, तिला ते दोघं 'घर' म्हणत. रानडुकराला अडवायचं तर वितीचं घर. सशाला अडवायचं तर चार बोटांचं घर. पातं जितकं रुंद, तितकं घर मोठं.

विणलेल्या गुंडाळ्या आणि महालाच्या पाण्याच्या पखाली वाहायला एक गाढव होतं. त्याचं नाव शहाणा. ते नाव गावानं चेष्टेनं ठेवलं होतं आणि गाढवानं ते मनापासून घेतलं होतं.

तारकस राजाचं बोलणं ऐकून घरी आला आणि ओसरीवर टेकला.

"काय म्हनाले महाराज?" बायकोनं विचारलं.

"ढग कोंडायचाय त्यांना."

"बरं," ती म्हणाली. "कोंडल्यावर त्याला खायला काय घालनार, ते इचारलं का?"

"राजाला कोन इचारनार? दांडा फिरव."

पहिलं कुंपण चार बोटांच्या घरांचं झालं. शहाण्यानं गुंडाळ्या वर वाहिल्या. अंगणाभोवती दोन पुरुष उंचीचे खांब रोवून कुंपण ताणलं. पहाटे ढग आला, एका बाजूच्या घरांतून आत शिरला, बकुळीला टेकला, आणि ऊन आल्यावर दुसऱ्या बाजूच्या घरांतून निघून गेला. राजा त्याच्या मागे कुंपणापर्यंत धावला.

"घरं लहान कर," त्यानं तारकसाला सांगितलं.

दुसरं कुंपण एका बोटाच्या घरांचं झालं. त्याला चौपट तार लागली. शहाणा वर जाताना तीन ठिकाणी बसला. पण ढगाला काही फरक पडला नाही. तो आला तसाच गेला. राजा पाठमोऱ्या ढगाकडे बघत राहिला, तारकस राजाच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि तारेकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. बायकोला तेवढं दोन गोष्टींचं नवल वाटलं. एक म्हणजे राणीच्या बकुळीची पानं गळत होती. आणि दुसरी म्हणजे, एवढा डोंगर चढून-उतरून आलेला शहाणा हल्ली घरी आल्यावर पाण्याला तोंड लावत नसे. पहिली गोष्ट तिनं प्रधानाच्या कानावर घातली. प्रधान म्हणाला, "महाराज ढगाच्या चिंतेत आहेत, त्यांना झाडाचं काय सांगू?"

वास आता इतका कमी झाला होता की राजाला डोळे मिटून शोधावा लागे. त्यानं तारकसाला पुन्हा बोलावलं.

"घरच नसलेलं कुंपण विण," राजा म्हणाला. "नाही विणलंस, तर तुझंही घर राहणार नाही. आठ दिवस देतो."

तारकसानं पातं घासून घासून चाकूच्या धारेएवढं केलं. पहिली तार बाहेर आली ती इतकी आवळून आली की तिच्या वळणांतून केसही गेला नसता. दुसरी तार तिच्यात शिरायला आली आणि अडली. बायकोनं दांड्यावर जोर दिला. नणंदबाई कळवळली, तार वाकली, आणि कडकन तुटून ओसरीच्या भिंतीला जाऊन लागली. चार दिवस हेच चाललं. त्यांच्या हातांना फोड आले, तारेच्या तुकड्यांचा ढीग झाला, आणि कुंपण वीतभरही झालं नाही.

शेवटी बायको दांडा सोडून खाली बसली. "न्हाई व्हायचं हे," ती म्हणाली. "पैल्या तारेनं घरच ठेवलं न्हाई, तर दुसरी शिरंल कुठनं? येकटी तार म्हंजे काय कुंपण न्हवं."

तारकसानं राजापुढे जाऊन तेच सांगितलं. राजानं ऐकलं, पण त्याच्या मनात शिरलं नाही. "मग घर खाली कर," तो म्हणाला. आणि त्यानं शिपायांना हुकूम दिला, "राज्यातली घोंगडी गोळा करा. सगळ्या कुंपणावर शिवून टाका. दिसेल ते भोक बुजवा. वर आभाळापुरतं उघडं ठेवा, ढग तिथून उतरेल आणि अडकेल."

लोकांनी थंडीचे दिवस असूनही घोंगडी दिली, कारण हुकूम तो हुकूम. पहाटे दरीतून ढग वर आला. घोंगड्यांच्या भिंतीला त्यानं अंग लावलं, जरा थबकला, आणि दोन्ही बाजूंनी घसरून डोंगरापलीकडे निघून गेला. आत राजा कोरडाच बसला होता. दुसऱ्या पहाटेही तेच झालं. राजानं नाक वर करून श्वास घेतला. घोंगड्यांचा वास आला, दुसरा कसलाच आला नाही.

आठव्या पहाटे तारकसानं घर सोडलं. शहाण्याच्या पाठीवर भांडी, अंथरूण आणि पोळपाट बांधला. यंत्र जमिनीत रोवलेलं होतं, ते नेता येईना. तारकस त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. बापाचे हात लागून लागून दांडा गुळगुळीत झाला होता. तारकसाला रडू आवरलं नाही. बायकोनं त्याला थोडा वेळ रडू दिलं आणि मग म्हणाली, "चला आता, ऊन व्हायच्या आत नदी उतरू."

पण शहाणा खाली जाईना. त्यानं कान पाडले, तोंड फिरवलं आणि पोळपाट खडखडवत तो डोंगर चढू लागला. दोघं हाका मारत त्याच्या मागे. शहाणा थेट माथ्यावर गेला, कुंपणाशी थांबला, एक घोंगडं दातात धरलं आणि मागे सरत टराटरा उसवून खाली पाडलं. नेमका त्याच वेळी ढग वर येत होता. तेवढ्या उघड्या जागेतून तो अंगणात शिरला. शहाण्यानं जीभ बाहेर काढली आणि निवांतपणे तार चाटायला लागला.

"हे गाढव कोणाचं?" आतून राजा ओरडला.

"आमचं, महाराज," बायको म्हणाली. तिनं शहाण्याला मागे ओढताना आधाराला तार धरली आणि तशीच उभी राहिली. तिचा हात मनगटापर्यंत ओला झाला होता. "महाराज," ती हळूच म्हणाली, "ह्याला जरा इचारा, काय करतोय."

राजानं जन्मात गाढवाला काही विचारलं नव्हतं. पण दोन पहाटा ढगाशिवाय काढलेला माणूस जरा मऊ झालेला असतो. त्यानं विचारलं, "काय करतोस रे?"

"पाणी पितो आहे, महाराज," शहाणा म्हणाला. त्याची भाषा फार शुद्ध होती, कारण ती वापरायचा प्रसंग येत नसे. "पहिलं कुंपण ताणलं त्या पहाटेपासून रोज पितो आहे. कोणी विचारलं नाही, म्हणून बोललो नाही."

"कुठलं पाणी?"

"ढगाचं. तो घरातून जाताना तारेला घासतो आणि थोडा मागे राहतो. घर लहान, तारा जास्त, म्हणून पाणीही जास्त. घोंगडी आली आणि तो यायचाच बंद झाला. फार तहान लागली आहे, महाराज."

राजानं कुंपणाजवळ येऊन पाहिलं. प्रत्येक घराच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब जमत होता, जड होत होता, खालच्या घरातल्या थेंबाला मिळत होता, आणि दोघं मिळून खाली उतरत होते. अंगणात ढग पसरला होता आणि ढगात सगळीकडे टप टप एवढाच आवाज होता.

"घोंगडी काढा," राजा म्हणाला. "सगळी काढा."

त्यानं आत जाऊन राणीचा तांब्या आणला आणि कुंपणाखाली धरला. ऊन येईपर्यंत तो काठोकाठ भरला. ढग उठला आणि पलीकडच्या घरांतून निघून गेला. राजा या वेळी त्याच्या मागे धावला नाही. भरलेला तांब्या हातात घेऊन तो तसाच उभा होता. या पाण्याचं काय करायचं, ते त्याला कळेना.

"बकुळीला घाला, महाराज," तारकसाची बायको म्हणाली. "रानीसाहेब आंघुळीचं पानी राखून रोज हिला घालायच्या. पखाली घेऊन यायची तवा मी डोळ्यांनी बघितलंय. त्या गेल्यापासनं कुनी घातलं न्हाई."

राजा वळला, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यानं ढगाऐवजी झाडाकडे पाहिलं. अर्ध्या फांद्या उघड्या पडल्या होत्या. एका फांदीवर एकच फूल होतं. राजानं ते हुंगलं. मग तो खाली बसला आणि सगळ्यांच्या देखत रडला. वास ढगाचा कधीच नव्हता. तो जे जपायला निघाला होता, ते इथेच त्याच्या पाठीमागे तहानेनं वाळत उभं होतं.

त्यानं तांब्या मुळाशी ओतला. मग तारकसाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चुकलो मी. तुझं घर तुझंच आहे. आणि नणंदबाईला सांग, अजून पुष्कळ कुंपण विणायचंय."

त्या वर्षी सगळ्या डोंगरमाथ्यावर एका बोटाच्या घरांचं कुंपण उभं राहिलं. त्याखाली पन्हळी बसवल्या आणि ढगाचं पाणी उतारावरच्या प्रत्येक दारापर्यंत पोचलं. ढग रोज येई आणि रोज जाई. लोकांची घोंगडी लोकांना परत मिळाली. शहाण्याच्या पाठीवरच्या पखाली उतरल्या, आणि पुढे राजा मधूनमधून त्याला दोन गोष्टी विचारू लागला. शहाणा त्यामुळे थोडा चढून गेला, पण ते चालायचंच.

दुसऱ्या वर्षी बकुळ बहरली. एका पहाटे राजा ओल्या केसांनी आत आला, तेव्हा म्हाताऱ्या प्रधानानं विचारलं, "महाराज, ढग गेला का?"

"तो गेला," राजा म्हणाला, आणि त्यानं मूठ उघडली. तळहातावर बकुळीची चार ओली फुलं होती. "ती राहिली."

जाणाऱ्याला जायला वाट ठेवा. अडवलात तर तो येणारच नाही, आणि वाट दिलीत तर जाताना तुमच्यापाशी थोडा राहून जाईल.