देव निजला आणि पाट फुटला

फार फार पूर्वी, एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका, कारण ही गोष्ट तुमची आहे.

गावच्या शेतांना एकाच पाटाचं पाणी मिळे. ज्याची त्याची पाळी ठरलेली. पाटाच्या तोंडाशी ग्रामदेवाचं देऊळ होतं आणि देवाला मोठे चांदीचे डोळे होते. पाळी सोडून पाणी घेणारा आंधळा होतो, असं सगळे मानत. त्यामुळे पाटावर राखणदार लागत नसे. गाव स्वतःला पुण्यवान म्हणवून घेई. पाटील तर एकही उपवास चुकवत नसे, आणि तसं चारचौघांत सांगायलाही चुकत नसे.

एका वर्षी, गहू दाण्यावर आला असताना, झिजलेल्या मूर्तीला लेप द्यायचं ठरलं. रीतीप्रमाणे पुजाऱ्याने देवाचे डोळे काढले, तोंडावर वस्त्र बांधलं आणि दवंडी पिटवली, "पौर्णिमेपर्यंत देव निद्रेत आहे हो!"

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी पाटलाने पाट फोडला. त्याचं पाहून शेजाऱ्याने फोडला. मग वरच्या शेतांतल्या सगळ्यांनीच. एरवी कपाळाला अंगारा लावून फिरणारी ही माणसं! कुणाला लाज नाही, शरम नाही. पौर्णिमेच्या आत जेवढं ओढता येईल तेवढं पाणी त्यांनी ओढलं.

पाटाच्या शेवटी एका म्हातारीचं शेत होतं. तिथे आता जेमतेम धार पोचत होती. ते पीक गेलं तर वर्षभर तिची चूल पेटणार नव्हती. तिच्या वरच्या अंगाला एक तरुण माळी राही. त्याची पाळी संपली तसं त्याने आपल्या शेतात पाणी घ्यायचं दार बंद केलं आणि उरलेली धार खाली सोडली.

पाटील हसला. "अरे खुळ्या, घे की भरून! देव झोपलाय."

"देव झोपलाय, पण म्हातारीचा गहू सुकतोय ना, पाटील?"

"तुला पाप लागणार नाही, मी सांगतो."

"पापाचं कोण बोलतंय? तो माझा देव आहे. माझी आई झोपली, तर मी तिच्या लेकराच्या तोंडचा घास काढू?"

पाटील म्हणाला, "लई शहाणा झालास," आणि निघून गेला.

पौर्णिमा आली. देवाला पुन्हा डोळे बसवले. पण तोवर वरची शेतं डबकी झाली होती. मुळं कुजली, गहू पिवळा पडून आडवा झाला. माळ्याचा आणि म्हातारीचा गहू मात्र, बारीक दाण्याचा का होईना, पिकला.

पाटील म्हातारीच्या दारात आला. "आजी, देवानं शिक्षा केली गं आम्हाला."

"देव तर झोपला होता ना रे? त्याचं नाव कशाला घेतोस? पाणी तू ओढलंस, मुळं तू कुजवलीस."

पाटलाने मान खाली घातली. म्हातारी आत गेली आणि सूपभर गहू घेऊन आली.

"मला देतेस?" पाटील चाचरला. "माझ्यासारख्याला?"

"तुला कोण देतंय? तुझ्या घरात पोरं उपाशी आहेत. धर पदर, म्हणजे उपरणं रे, सांडेल."

तात्पर्य: देवाच्या धाकाने पाप टाळणारा फक्त संधीची वाट पाहत असतो, देवावर माया करणाऱ्याला राखणदार लागत नाही.